वर्दी बदलता येते का?

ट्रेनिंगच्या शेवटी होणाऱ्या कसम परेडला जवान जी शपथ घेतो, तिचा आशय 1950 च्या आर्मी ॲक्टमध्येच लिहून ठेवलेला आहे. हुकूम होईल तिथे जमिनीवरून, समुद्रावरून किंवा हवेतून जाईन, आणि जिवाला धोका असला तरी वरिष्ठांची आज्ञा पाळीन. हे शब्द ऐकून एखाद्या पोराला वाटलं की तिन्ही दलांची दारं आपल्याला उघडली, तर त्याला हसण्यात अर्थ नाही. शब्दच तसे आहेत. पण समुद्रावरून जाणं वेगळं आणि नौसैनिक होणं वेगळं. जहाजात बसवून अंदमानला धाडलेला आर्मीचा जवान तिथेही आर्मीचा जवानच राहतो.

तरी एका दलातून दुसऱ्या दलात जाता येतं का, हा प्रश्न दर भरतीला नव्यानं येतो. आर्मीचं ट्रेनिंग चालू असताना नेव्हीचा निकाल लागतो. किंवा तीन वर्षं पलटणीत काढल्यावर कळतं की आपला जीव यंत्रांत रमतो, एअरफोर्सच्या वर्कशॉपमध्ये आपण शोभलो असतो. युनिटमध्ये विचारायची भीती वाटते, म्हणून गावातल्या पेन्शनर फौजीला विचारलं जातं. तो त्याच्या काळातलं सांगतो, आणि निम्म्या गैरसमजांचा उगम तिथेच असतो.

थेट उत्तर असं: अर्ज केला, मंजूर झाला आणि आर्मीतून नेव्हीत रुजू झालो, अशी सोय भारतात जवानाला नाही. आपली गफलत 'बदली' या शब्दापाशी होते. शिक्षकाची बदली होते, तलाठ्याची होते, कारण खातं तेच राहतं. फौजेतही बदली होते, तिला पोस्टिंग म्हणतात, आणि ती दलाच्या आतच होते. दुसऱ्या दलात जायचं म्हणजे आधीच्या दलातून रीतसर बाहेर पडून नव्या दलाच्या दारात नवा उमेदवार म्हणून उभं राहायचं. बदली आणि नवी भरती यांतला फरक डोक्यात बसला की बाकीचे नियम आपोआप उलगडत जातात.

तीन चुली

वेगळे झालेले तीन भाऊ एकाच आवारात राहतात असं समजा. अंगण एक, विहीर एक, पण चुली तीन. भूदल, नौदल आणि हवाई दल यांचं तसंच आहे. संरक्षण मंत्रालय एक, राष्ट्रपती तिन्ही दलांचे सर्वोच्च सेनापती, पण कायदे तीन: आर्मी ॲक्ट 1950, एअर फोर्स ॲक्ट 1950 आणि नेव्ही ॲक्ट 1957. तुम्ही भरती होता ते या तीनपैकी एका कायद्याखाली. तुमचा पगार, शिक्षा, रजा, बढती, सुटका, सगळं त्याच कायद्याच्या आणि त्याखालच्या नियमांच्या दोरीला बांधलेलं असतं. ती दोरी सोडल्याशिवाय दुसरी बांधता येत नाही.

कायदा हे एक कारण झालं. खरी अडचण ज्येष्ठतेची आहे. पलटणीत नाईक झालेला माणूस नौदलाच्या बढतीच्या रांगेत कुठे उभा करायचा? त्याच्या मागे-पुढे जे असतील त्यांनी जहाजावरचे कोर्स केलेले, समुद्रात वर्षं काढलेली. त्यांच्या डोक्यावर यांना बसवलं तर ते चिडणार, आणि तळाशी उभं केलं तर यांची वर्षं पाण्यात. शिवाय ट्रेड, म्हणजे कामाचे प्रकार, जुळत नाहीत. तोफखान्यातला गनर आणि युद्धनौकेवर तोफ हाताळणारा नौसैनिक नावापुरते सारखे, हाताखालचं यंत्र वेगळं, सवयी वेगळ्या. वैद्यकीय कसोट्याही वेगळ्या. आर्मीत 'शेप वन', म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, ठरलेला गडी हवाई दलाच्या उड्डाणाच्या निकषांत बसेलच असं नाही.

हुद्द्यांची नावंसुद्धा दगा देतात. आर्मीतला कॅप्टन तरुण अधिकारी असतो, दोन नव्हे तीन तारे खांद्यावर. नौदलातला कॅप्टन मात्र आर्मीच्या कर्नलच्या बरोबरीचा. हवाई दलात त्याच पातळीवर ग्रुप कॅप्टन. लग्नाच्या पत्रिका पाहताना या एका शब्दावरून झालेले घोटाळे कुणी गोळा केले तर चांगला दिवाळी अंक निघेल.

घरातल्या घरात

दुसऱ्याच्या घरात जाण्याआधी स्वतःच्या घरात किती खोल्या आहेत ते पाहावं, कारण पुष्कळ जणांना हवा असलेला बदल तिथेच मिळतो. पॅराशूट रेजिमेंटचे स्पेशल फोर्सेस आर्मीतल्या इतर रेजिमेंटमधून स्वेच्छेनं येणारे जवान घेतात. नव्वद दिवसांच्या प्रोबेशनमध्ये टिकला तर मरून रंगाची टोपी, नाही टिकला तर मूळ पलटणीत परत. परत येण्यात लाज काही नाही, तिथून परत येणारेच जास्त असतात. दहशतवाद्यांशी लढणाऱ्या राष्ट्रीय रायफल्समध्ये ठरावीक काळासाठी जाता येतं. एनएसजीमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलात, आर्मीचे जवान प्रतिनियुक्तीवर असतात. हवाई दलात ट्रेड बदलायला 'रीमस्टरिंग' म्हणतात. नौदलाचे मार्कोस, म्हणजे कमांडो, नौदलातूनच निवडले जातात, त्यामुळे आर्मीत भरती होऊन 'पुढे मार्कोस होईन' म्हणणाऱ्या मुलानं चुकीच्या रांगेत नंबर लावला आहे हे त्याला भरतीआधीच सांगायला हवं.

उडण्याची हौस असलेल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तोफखान्याचा मारा वरून पाहून दुरुस्त करण्यासाठी आर्मीचे अधिकारी फार पूर्वीपासून विमानं चालवत होते, आणि 1 नोव्हेंबर 1986 ला आर्मी एव्हिएशन कोअर हे वेगळं अंग झालं. म्हणजे ऑलिव्ह ग्रीन वर्दीतही हेलिकॉप्टर चालवता येतं. नौदलाचीही स्वतःची विमानं आणि वैमानिक आहेत. आकाश ही काही एकट्या हवाई दलाची मालमत्ता नाही.

उलट बाजूनंही हे दिसतं. डिफेन्स सिक्युरिटी कोअरचे जवान आर्मीचे, पण पहारा देतात तो नौदलाच्या आणि हवाई दलाच्या ठाण्यांवरही. सगळं आयुष्य विमानांच्या आवाजात काढलं तरी नोंद आर्मीतच.

बाहेर पडण्याचा रस्ता

आता ज्याला खरोखरच दुसऱ्या दलात जायचं आहे त्याच्याकडे येऊ. त्याची पहिली गाठ नव्या दलाशी पडत नाही, जुन्या दलाशी पडते. सोडणार का?

इथे कसम परेड ही मोठी रेघ आहे. आर्मी रूल्स 1954 मधला 13 वा नियम डिस्चार्जबद्दल आहे. ज्यांची भरती झाली पण शपथ झालेली नाही, अशा रंगरुटांसाठी त्यात वेगळा रकाना आहे आणि त्यांना मोकळं करण्याचा निर्णय बराच खालच्या पातळीवर होऊ शकतो. शपथ झाली की माणूस पक्का जवान. मग स्वतःच्या विनंतीवरून सुटायचं तर कारण लागतं, कागद लागतात, आणि मंजुरी देणारा 'नाही' म्हणू शकतो. 'मला नेव्ही जास्त आवडते' हे कारण घरच्या गंभीर अडचणीच्या पंगतीत बसत नाही.

'माझ्या भरतीच्या कागदांतच चूक होती, मला मोकळं करा,' असा वकिली डाव काही जण सुचवतात. तो कायद्यानं आधीच बंद केला आहे. तीन महिने पगार घेतला आणि नाव युनिटच्या पटावर राहिलं, की भरती रीतसर झाली असं धरलं जातं. नंतर चूक दाखवून डिस्चार्ज मागता येत नाही.

नोकरी सोडणं हा तर माझा मूलभूत हक्क, असंही कुणी म्हणेल. राज्यघटनेचं 33 वं कलम संसदेला सैन्यातल्या माणसांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याची मुभा देतं. 2019 मध्ये बँकेतल्या अधिकारीपदासाठी हवाई दल सोडू पाहणाऱ्या एका वायुसैनिकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की दलात असलेल्या माणसाला मनाला येईल तेव्हा नोकरी सोडण्याचा निरंकुश हक्क नाही.

आणि आता सगळ्यात धोक्याची वाट. न सांगता निघून जायचं आणि दुसऱ्या दलाच्या भरतीत आधीची नोकरी लपवायची. गंमत म्हणजे कायदा करणाऱ्यांना 1950 मध्येच हा प्रकार ठाऊक होता. आर्मी ॲक्टचं 43 वं कलम नेमकं यासाठी आहे: रीतसर डिस्चार्ज न घेता पुन्हा आर्मीत भरती होणं, किंवा हवाई दलात वा नौदलात शिरणं, हा गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भरतीच्या फॉर्मवर जाणूनबुजून खोटं उत्तर दिलं तर 44 वं कलम, तिथेही पाच वर्षांपर्यंत. शिवाय पळून गेल्याबद्दल 38 वं कलम वेगळं. युद्धसेवेवर नसतानाही त्याची शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. परवानगीशिवाय तीस दिवस गैरहजर राहिलं की चौकशी बसते आणि तिची नोंद होते. आधार आणि बोटांच्या ठशांच्या जमान्यात हे लपेल असं मानणारा माणूस शूर असेल, हुशार नाही.

खुला दरवाजा कुठे आहे

एक रस्ता मात्र सरळ, जुना आणि कायदेशीर आहे, आणि त्याची माहिती जवानांपेक्षा क्लासवाल्यांनाच जास्त असते. आर्मी कॅडेट कॉलेज, म्हणजे एसीसी. नाव आर्मीचं असलं तरी त्याची परीक्षा तिन्ही दलांतले सेवेतले जवान देऊ शकतात. नौसैनिक देऊ शकतो, वायुसैनिक देऊ शकतो. साधारण अट अशी की वय 20 ते 27, किमान दोन वर्षं सेवा आणि बारावी पास. लेखी परीक्षा, मग इतरांसारखंच एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळासमोरची मुलाखत आणि चाचण्या. निवड झाली की डेहराडूनला तीन वर्षं शिक्षण, पदवी जेएनयूची, आणि नंतर इंडियन मिलिटरी ॲकॅडमीत एक वर्ष. बाहेर पडतो तो आर्मीचा लेफ्टनंट.

म्हणजे वायुसैनिकाची वर्दी बदलली ना? बदलली. पण बदली झाली नाही. त्यानं नवी स्पर्धा दिली, नवं ट्रेनिंग केलं, नव्यानं शपथ घेतली. या संस्थेचा आपल्याकडचा धागाही आहे. 1929 ला मध्य प्रदेशातल्या नौगाँवला निघालेलं किचनर कॉलेज 1960 मध्ये पुण्याला येऊन आर्मी कॅडेट कॉलेज झालं, आणि 1977 पर्यंत पुण्यात होतं. अजूनही पुण्यातल्या जुन्या फौजी मंडळींच्या बोलण्यात त्याचा उल्लेख येतो.

पदवीधर जवानाला यूपीएससीची सीडीएस (कंबाइंड डिफेन्स सर्व्हिसेस) परीक्षाही आहे. तिच्यात इंडियन मिलिटरी ॲकॅडमी, एझिमलाची नौदल प्रबोधिनी, हैदराबादजवळची हवाई दल प्रबोधिनी आणि चेन्नईची ओटीए (ऑफिसर्स ट्रेनिंग ॲकॅडमी) यांचा पसंतीक्रम भरायचा असतो. सेवेतल्या माणसानं यात एक पायरी गाळायची नसते, ती म्हणजे आपल्या कमांडिंग ऑफिसरला रीतसर कळवणं. निकाल लागल्यावर कळवू, असं म्हणणारे ऐनवेळी अडकतात.

अधिकाऱ्यांचं दल ठरतं ते दारातच. खडकवासल्याच्या एनडीएत तिन्ही दलांचे कॅडेट एकत्र राहतात, एकाच मैदानावर पळतात, पण कोण कुठे जाणार ते पसंती, गुणवत्ता आणि वैद्यकीय तपासणी यांवर आधीच ठरलेलं असतं. प्रवेशाच्या वेळी पालकांसह बॉन्ड भरून द्यावा लागतो. मधेच स्वेच्छेनं सोडलं तर ट्रेनिंगचा खर्च वसूल होतो. त्यामुळे पसंतीक्रम भरताना 'आधी आत तर शिरू, मग बघू' हा सल्ला महागात पडतो.

डॉक्टरांची गोष्ट निराळी

सगळ्या नियमाला एक ठळक अपवाद आहे. तिन्ही दलांची वैद्यकीय सेवा एकाच छत्राखाली आहे, डॉक्टरांचा साठा सामाईक आहे, आणि गरज व ज्येष्ठता पाहून त्यांना एका दलातून दुसऱ्या दलात हलवता येतं. पुण्याच्या एएफएमसीतून, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातून, बाहेर पडणारे डॉक्टरही तिन्ही दलांत वाटले जातात.

याचं सुंदर उदाहरण पुनीता अरोरा. 2004 मध्ये त्या एएफएमसीच्या प्रमुख झाल्या तेव्हा आर्मीच्या लेफ्टनंट जनरल होत्या, त्या हुद्द्यावर पोचलेल्या देशातल्या पहिल्या महिला. तिथून त्या नौदलात गेल्या आणि व्हाइस ॲडमिरल झाल्या. आणखी पुढचं उदाहरण आरती सरीन यांचं. आर्मीत लेफ्टनंट आणि कॅप्टन, नौदलात सर्जन व्हाइस ॲडमिरल, हवाई दलात एअर मार्शल, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवेच्या महासंचालक. एकाच कपाटात तीन वर्द्या. हाडं, हृदय आणि ताप यांना दल कळत नाही, म्हणून डॉक्टरची ज्येष्ठता तिन्हीकडे मोजता येते. गनरची मोजता येत नाही.

डॉक्टर नसताना तिन्ही वर्द्या घातलेला माणूस म्हणजे कर्नल पृथीपाल सिंग गिल. 2020 मध्ये त्यांनी शंभरी गाठली तेव्हा त्यांची कथा सगळीकडे छापून आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते रॉयल इंडियन एअर फोर्समध्ये वैमानिक म्हणून लागले. विमान पडून पोरगा जाईल या धास्तीनं वडिलांनी खटपट करून त्यांना तिथून काढलं आणि ते नौदलात गेले. समुद्रातले सुरुंग काढणाऱ्या जहाजांवर त्यांनी काम केलं. युद्धानंतर आपल्या देवळालीच्या तोफखाना शाळेत मोठा गनरी कोर्स केला आणि तिथून थेट आर्मीच्या तोफखान्यात. 1965 चं युद्ध लढले, मणिपूरमध्ये आसाम रायफल्सच्या सेक्टरची कमान सांभाळली, 1970 ला निवृत्त झाले. त्यांचं उदाहरण देऊन 'बघा, होतं' म्हणणारे विसरतात की तेव्हा महायुद्ध चालू होतं आणि वडिलांचा शब्द चालला. आजच्या नियमांत वडिलांसाठी रकाना नाही.

दलं एकत्र येत आहेत, मग?

अलीकडे 'थिएटर कमांड' (तिन्ही दलांची एकत्र कमान), 'जॉइंटनेस' (दलांची एकजूट) हे शब्द कानावर पडतात. 2001 पासून अंदमान-निकोबारला तिन्ही दलांची एकत्र कमांड आहे. 1 जानेवारी 2020 ला पहिले चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ आले (यांनाही सीडीएसच म्हणतात, पण वरच्या परीक्षेशी त्याचा संबंध नाही). 2023 मध्ये शंभरावर मधल्या फळीतले अधिकारी एकमेकांच्या दलांत नेमले गेले. त्याच वर्षी झालेल्या आणि मे 2024 मध्ये अमलात आलेल्या कायद्यानं अशा संयुक्त संस्थेच्या प्रमुखाला हाताखालच्या दुसऱ्या दलांतल्या लोकांवरही शिस्तीची कारवाई करण्याचे अधिकार मिळाले. पण नीट वाचा: प्रत्येकाच्या मूळ सेवाशर्ती होत्या तशाच राहिल्या. ॲडमिरलच्या हाताखाली काम करणारा मेजर आर्मीचाच असतो, परत जातो तोही आर्मीतच.

कॅनडानं 1968 मध्ये तिन्ही दलं कायद्यानं एकच करून टाकली. तिथले स्वयंपाकी, कारकून, पुरवठ्याचे लोक नौदलाच्या गणवेशात असून विमानतळावर काम करताना दिसतात. अमेरिकेत दलं वेगळी आहेत आणि तिथेही जुन्या दलानं 'सोडतो' असा फॉर्म दिल्याशिवाय नवं दल हात लावत नाही. मरीन कोअरला तर आर्मीत वर्षानुवर्षं काढलेला सार्जंटही चालतो, पण बूट कॅम्प पहिल्यापासून करायला लावतात.

अग्निवीरांचं गणित

2022 पासून भरती होणाऱ्यांसाठी हा सगळा विषय आणखी आवळला गेला आहे. चार वर्षांची मुदत संपण्याआधी स्वतःच्या विनंतीवरून सुटता येत नाही, अपवादात्मक कारण असेल तरच. मग चार वर्षं पुरी करून दुसऱ्या दलात अग्निवीर म्हणून जाऊ? बोटं मोजा. योजनेच्या मूळ नियमात वय साडेसतरा ते एकवीस. अगदी साडेसतराव्या वर्षी लागला तरी बाहेर येताना साडेएकवीस. त्या नियमानं दार बंद. त्याऐवजी जे खुलं ठेवलं गेलं ते वेगळं आहे: चांगल्या कामगिरीवर 25 टक्क्यांपर्यंत लोक त्याच दलात कायम, आणि 2022 मध्येच जाहीर झालेलं केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत आणि तटरक्षक दलात 10 टक्के आरक्षण, वयाच्या सवलतीसह. समुद्राची ओढ असलेल्या आर्मीच्या अग्निवीराला तटरक्षक दल हा खरा पर्याय आहे. ते संरक्षण मंत्रालयाखालीच येतं, पण 1978 च्या स्वतःच्या कायद्यानं चालतं.

राहिला तो ट्रेनिंग सेंटरमधला पोरगा, ज्याच्या घरी नेव्हीचं पत्र येऊन पडलं आहे आणि आई फोनवर विचारते आहे, काय करायचं रे? त्यानं आधी कसम परेडची तारीख पाहावी. मग उस्तादांमार्फत, म्हणजे ट्रेनिंग देणाऱ्या प्रशिक्षकांमार्फत, कंपनी कमांडरसमोर पेश होण्याची परवानगी मागावी, पत्राची प्रत जोडून लेखी अर्ज द्यावा, त्याची तारीख घातलेली एक प्रत स्वतःकडे ठेवावी. सुट्टी मागून घरी जाऊन 'विचार करतो' हे करू नये, सुट्टी लांबली की प्रकरण दुसऱ्याच कलमाखाली जातं. आणि उत्तर येईपर्यंत पहाटेचा फॉल-इन, म्हणजे हजेरीची रांग, चुकवू नये. नकार आला तर इथेच राहायचं आहे, आणि उस्तादांची स्मरणशक्ती फार चांगली असते.